सत्यभामेचा लहाना

सत्यभामा वडतकरचा आवाज वयात आलाच नाही. ती पंचेचाळिशीला टेकली, कानाजवळचे केस पांढरे झाले, चष्मा लागला, उजवा गुडघा कुरकुरायला लागला. आवाज मात्र नऊ वर्षांच्या पोरीचा होता, तो तसाच राहिला. आणि नोकरी कसली मिळावी, तर टेलिफोन ऑपरेटरची! शंकर नगरातल्या एका सरकारी कार्यालयात ती बोर्डासमोर बसे आणि पलीकडून कोणीतरी हमखास म्हणे, "बेटा, फोन किसी बड़े को दो."

रायपूर राजधानी झालं तसं हे फारच वाढलं. आधी कार्यालय म्हणजे चार टेबलं आणि एक पंखा. मग भोपाळहून ट्रक भरभरून फायली आल्या, साहेब आले, साहेबांचे साहेब आले. दिवसाला दहा फोन यायचे तिथं दोनशे येऊ लागले. एका नव्या साहेबाच्या पीएनं तर लेखी तक्रारच केली, की या कार्यालयात लहान मुलं फोनशी खेळतात. सत्यभामेनं त्या कागदावर स्वतःच आवक नंबर टाकला आणि तो फायलीला लावून दिला. हसलीही नाही, चिडलीही नाही. संध्याकाळी टेम्पोत बसून गुढियारीला घरी गेली, कुकर लावला, एका माणसाचा भात केला.

घर तिच्या शांताआत्याचं. दोन खोल्या आणि मागं न्हाणी. आत्या वारून तीन वर्षं झाली होती. लग्नाचं म्हणाल, तर पाहायला आलेल्या दोघांनी तिचा आवाज ऐकून एकमेकांकडे पाहिलं होतं आणि तिसऱ्या वेळी सत्यभामेनंच पोहे करायला नकार दिला होता. बोलायला शेजारची क्षमा होती, रेल्वेतल्या क्लार्कची बायको. पण तिचं घर भरलेलं, ती बोलायची ते भाजी चिरता चिरता. सत्यभामा अंगणात खुर्ची टाकून मालधक्क्यावरच्या गाड्यांचे डबे मोजत बसे. मोजून झाले की आत जाई.

यशवंतराव, म्हणजे तिचे वडील, मालगाडीवर गार्ड होते. मूळचे अकोल्याकडले. सत्यभामा साडेसहा वर्षांची असताना यार्डात अपघात होऊन ते गेले. त्यानंतर चार महिन्यांनी तिला भाऊ झाला. घरात त्याला सगळे लहाना म्हणत. आई त्या बाळंतपणातून नीट उठलीच नाही. अडीच वर्षं अंथरूण-उंबरा करून तीही गेली. शांताआत्यानं मुलीला ठेवून घेतलं, कारण मुलगी कामाला येते. मुलाला तिनं दत्तक दिलं, डोंगरगडकडच्या एका मूलबाळ नसलेल्या जोडप्याला. पोरगं तिकडं रुळलं पाहिजे, म्हणून इकडून कोणी पत्र टाकायचं नाही, भेटायचं नाही, असा दोन्हीकडून शब्द झाला होता. आत्यानं तो शब्द मरेपर्यंत पाळला. सत्यभामेनं आडनाव विचारलं की म्हणायची, "दिला तो दिला. तुले काय कराचं आहे? भाकरी जळून राहिली, पाह्य तिकडे."

छत्तीस वर्षं सत्यभामा लहान्याला मनात वाढवत आली होती. तो दहावीला बसला असेल, त्याला मिशा फुटल्या असतील, आता त्याचं लग्न झालं असेल. एखाद्याच्या घरी मुलाच्या उंचीच्या खुणा भिंतीवर करतात ना, तशा तिनं त्या नुसत्या हवेत केल्या.

आणि मग हिरालालचा फोन आला.

नवं राज्य झालं तशी रायपुरात छत्तीसगढी पिक्चर काढायची लाटच आली होती. कापडाचे व्यापारी, वकील, कंत्राटदार, जो तो निर्माता. हिरालाल देवांगन त्यातलाच. त्याला एका सरकारी बागेत शूटिंगची परवानगी पाहिजे होती, म्हणून त्यानं कार्यालयात फोन लावला आणि इकडचा आवाज ऐकून म्हणाला, "नोनी, तोर ददा ला फोन दे तो." बेटी, तुझ्या बाबांना फोन दे.

"बाबा नाहीत. साहेब मीटिंगमध्ये आहेत. मी ऑपरेटर आहे, बोला," सत्यभामा म्हणाली.

मग हिरालालनं हळूच विचारलं, "दीदी, आप गाती हो क्या?"

त्याच्या पिक्चरची गोष्ट अशी होती. एक गोड गळ्याची पोर मडईच्या जत्रेत आईच्या हातून सुटते. गाणं म्हणत गावोगाव आपलं घर शोधते. शेवटी तिची आई, जत्रेत बांगड्या विकणारी, तिच्या गाण्यातली अंगाई ओळखते आणि धावत येते. हिरालाल ही गोष्ट सांगताना प्रत्येक वेळी स्वतःच रडायचा. काम करायला दुर्गहून आठ वर्षांची एक पोरगी मिळाली होती, दिसायला बाहुली. पण गायला लागली की स्टुडिओतले लोक बाहेर बिडी प्यायला जायचे.

स्टुडिओ म्हणजे एका घराची आतली खोली, भिंतींना गाद्या ठोकलेल्या. पंखा बंद ठेवायचा, आवाज येतो म्हणून. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली की रेकॉर्डिंग थांबायचं. "कितनी सीटी की दाल है भैया, पूछ के आओ," असं हिरालाल ओरडायचा आणि सगळे घाम पुसत शिट्ट्या मोजायचे. सत्यभामा माईकपुढे उभी राहिली, डोळे मिटले आणि गायली. बिडीला गेलेले परत आत आले.

अंगाईला मात्र चाल जमत नव्हती. पेटीवाल्यानं चार चाली काढल्या, चारही कीर्तनासारख्या. तेव्हा सत्यभामा म्हणाली, "एक चाल आहे माझ्याकडे." ती तिच्या आईची होती. शब्द आईचेच, बहुतेक मनाला येतील तसे जोडलेले. चालही कुठली ते माहीत नाही. ती चाल घेतली, तिच्यावर छत्तीसगढी शब्द बसवले. ती गाताना सत्यभामेच्या मनात एकच हिशेब चालला होता. पिक्चर गावोगावी लागेल. डोंगरगडलाही लागेल.

मानधनाचं तिनं काही विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "पडद्यावर माझं नाव पूर्ण पाहिजे. सत्यभामा यशवंतराव वडतकर. रायपूर."

हिरालालनं कपाळाला हात लावला. "दीदी, पब्लिकला वाटलं पाहिजे नोनीच गाते. इतका लंबा नाम? लोग समझेंगे कोई वकील है."

"मग दुसरी पाहा."

नाव आलं. पूर्ण आलं.

स्टेशनजवळच्या टॉकीजमध्ये पिक्चर लागलं तेव्हा सत्यभामा पहिल्या रविवारी एकटीच गेली. क्षमाला विचारलं होतं. तिच्याकडे पाहुणे होते. शेजारच्या खुर्चीवर सत्यभामेनं पर्स ठेवली. सगळं थिएटर हुंदके देत होतं. पुढच्या रांगेतली बाई मुलाला छातीशी धरून "हाय दाई, हाय दाई", म्हणजे आई गं आई गं, करत होती. पडद्यावरच्या पोरीला आई मिळायला सव्वादोन तास लागले. सत्यभामेला रडू आलं नाही. तिला वाटलं, ही पोरगी किती घाईनं पळते आहे, बाईचा चेहरासुद्धा नीट न पाहता.

पिक्चर चाललं. एका हिंदी पेपरच्या पोरानं येऊन मुलाखत घेतली, आणि कधी कोणाला न सांगितलेलं सत्यभामेनं त्याला सांगून टाकलं. शनिवारी छापून आलं, 'परदे पर मिली माँ, जीवन में खोया भाई'. सोबत तिचा चष्म्यातला फोटो, कार्यालयाचा नंबर.

पहिला भाऊ चौथ्या दिवशी आला. पेपरात होतं तेवढं सगळं त्याला घडाघडा आठवत होतं, जे नव्हतं त्यातलं एकही नाही. दुसरा तर थेट पायांवर पडला, रडला, दीदी दीदी म्हणाला आणि डोळे पुसता पुसता विचारलं, की साहेबांकडे एका बदलीसाठी शब्द टाकता येईल का?

"नाटकी मेले!" क्षमा म्हणाली. "काहून वं सत्या, तू पेपरात सगळंच सांगून बसली? एखादी गोष्ट तरी हातची ठेवाची होती."

एक गोष्ट होती. आश्विनात रेल्वे क्वार्टरातल्या मुली भुलाबाईची गाणी म्हणायला घरोघर फिरत. गाणी झाली की घरची बाई झाकलेला डबा वाजवून दाखवी आणि आत खायला काय आहे ते मुलींनी ओळखायचं. तिच्या आईचा डबा कोणाला ओळखता येत नसे. शेवटच्या वर्षी आईनं अंथरुणावरूनच डबा वाजवला, मुली हरल्या, आणि दारात उभा असलेला लहाना एकदम ओरडला, "भुईमुगाचे लाडू!" मुली हसून लोळल्या. आईसुद्धा हसली. आईचं ते शेवटचं हसणं. सत्यभामेला ते असं लख्ख दिसे, जणू काल संध्याकाळचं. जो खरा लहाना असेल त्याला हे ठाऊक असणारच. ठरलं. हाच प्रश्न.

तिसरा माणूस महिन्याभरानं आला, रविवारी दुपारी, घरीच. इस्त्रीचा शर्ट, हातात पिशवी, अडतीस-एकोणचाळीसचं वय. खुर्चीच्या काठावर बसला.

"मी नीलकंठ," तो म्हणाला. "अभनपूरले बियाण्याचं दुकान आहे. मराठी थोडी कच्ची आहे, ताई, घर में अब हिंदीच चालते. लहानपण डोंगरगडले गेलं. मी दत्तक आहे, मले माहीत आहे. आईनं जाताना सांगितलं, रायपूरले रेल्वेवाल्याची पोट्टी तुझी बहीण आहे म्हणून."

सत्यभामेनं हात पदराला पुसले. त्याच्याकडे नीट पाहायचीसुद्धा तिला भीती वाटली. पाहिलं तर विश्वास बसेल.

"भुलाबाईच्या दिवशी आईच्या डब्यात काय होतं?" तिनं विचारलं.

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. गणित न आलेल्या पोरासारखा तो इकडे तिकडे पाहून म्हणाला, "पेढे?"

"नाही."

"ताई, मले काही आठवतच नाही. मले फक्त एक विचाराचं होतं..."

"तुम्ही दुसऱ्याच कोणाचे असाल," सत्यभामा म्हणाली आणि उभी राहिली. "परतीची गाडी कितीची आहे तुमची?"

तो उठला. वाद घातला नाही. वाकून नमस्कार करून गेला. पिशवी विसरला, तिच्यात दोन किलो तांदूळ होते, दुबराज. सत्यभामेनं तो तांदूळ शिजवला नाही, कोणाला दिलाही नाही. फडताळात ठेवून दिला.

"त्याचं नाक पाह्यलं का तू?" संध्याकाळी क्षमा कुंपणावरून म्हणाली. "हुबेहूब तुझं नाक."

"नाक काय, बाजारात शंभर सापडतील."

"हव, सापडतील. तू उत्तरपत्रिका तपासत बस."

दिवाळीच्या आधी क्षमाची नात आली, अनुश्री. तिला सांभाळायला म्हणून क्षमानं सत्यभामेला बसवलं आणि स्वतः चकल्या तळायला गेली. पोरगी मांडीवर बसून लाडू कुस्करत होती. सत्यभामा म्हणाली, "म्हण, लाडू."

"आडू," अनुश्री म्हणाली.

"म्हण, भुईमुगाचा लाडू."

"आडू," अनुश्री म्हणाली आणि खाली उतरून मांजरामागे पळाली.

"केवढी झाली गं ही?" सत्यभामेनं विचारलं.

"मागच्या हप्त्यात अडीच पुरे झाले," क्षमा आतून म्हणाली. "परवा आली तेव्हा दोन दिवस मलेच ओळखून नाही राहिली. सहा महिन्यांखाली इथंच तर होती! एवढ्याशा लेकरांच्या डोक्यात काही राहते का?"

सत्यभामा हातातला कुस्करलेला लाडू धरून तशीच बसली. तिच्या मनातला लहाना तिच्याबरोबर बोलत आला होता, वाद घालत आला होता. तो अडीच वर्षांचा असतानाही तिनं त्याला स्पष्ट बोलायला लावलं होतं. अडीच वर्षांचं पोर 'भुईमुगाचे लाडू' असं म्हणत नाही. मग दारात ओरडलं कोण? तीच ओरडली असेल. आईला हसवलं ते तिनंच. इतक्या वर्षांत हे सांगायला, चूक दुरुस्त करायला त्या खोलीतलं दुसरं कोणी उरलंच नव्हतं, म्हणून तिनं एकटीनं सगळ्यांच्या वाटचं आठवून ठेवलं होतं. आणि त्या आठवणीच्या काट्यावर एका माणसाला तोलून परत पाठवलं होतं.

दिवाळी झाल्यावर तिनं रजा टाकली आणि सकाळची छोटी लाईन, अरुंद रुळांची गाडी, धरली. लाकडी बाकांची ती गाडी शेतं मोजत जावी तशी जाते. अभनपूरला उतरून तिनं बियाण्याचं दुकान विचारलं. विचारलेल्या दुसऱ्याच माणसानं दुकान दाखवलं.

नीलकंठ गिऱ्हाइकाला हरभऱ्याचं बियाणं तोलून देत होता. तिला पाहून त्याचा हात थांबला. त्यानं प्लास्टिकची खुर्ची झटकून पुढे ठेवली. आतून बायको डोकावली. "यही हैं क्या?" तिनं विचारलं. त्यानं मान हलवली. ही मीनल, तो म्हणाला. मीनल नमस्कार करून चहा टाकायला आत गेली.

"चुकलं माझं," सत्यभामा म्हणाली. "अडीच वर्षांच्या लेकराले काय आठवणार?"

"चुकलं माझंही. पेढे म्हणाचं नव्हतं. मले वाटलं, तुक्का लागून जाईल." तो जरा हसला.

"त्या दिवशी काय विचाराचं होतं?" तिनं विचारलं.

नीलकंठनं काट्याचं पारडं हातानं स्थिर केलं. "माझं नाव. नीलकंठ तर या घरचं. त्याच्या पहिले कोणतं होतं? पेपरात लहाना लिहिलं होतं, ते काही नाव नाही होत. शाळेत असताना, ताई, मागून कोणी कोणालेही हाक मारली ना, मी वळून पाह्याचो. वाटे, हेच असेल."

सत्यभामेच्या जिभेवर दोन नावं आली. एक आजोबांचं, एक आईला आवडायचं ते. कोणतंही सांगितलं असतं तरी चाललं असतं. तपासायला कोण होतं? एक नाव उच्चारलं की हा माणूस तिचा झाला असता. जन्मभर त्या नावामागं तिच्याकडे आला असता. बाहेर कोणी तरी सायकल लावली, घंटी वाजली.

"तुझं नाव ठेवलंच नव्हतं रे," ती म्हणाली. "बारसं झालंच नाही तुझं. बाबा गेले आणि चार महिन्यांनी तू आला. नाव ठेवाचा मान आत्याचा. आत्या म्हणे, बापाले खाऊन आला त्याच्या कानात मी नाव सांगणार नाही. आई म्हणे, तिचा मान आहे, तिचं मन वळेल, थांबू. थांबता थांबता आईच गेली. दत्तक गेला तेव्हा तू बिननावाचाच गेला."

नीलकंठ एकदम खाली पोत्यावर बसला.

"आई सांगे," तो म्हणाला. "माझी आई. म्हणे, तुझं बारसं मीच केलं. एवढा घोडा पाळण्यात बसवला, पाय बाहेर, पाळण्याची दोरी तुटली, बाया हसून हसून मेल्या. मले वाटे, झूठ बोलते. पहिलं नाव लपवते. अडीच वर्षांच्या पोट्ट्याचं कोणी बारसं करते का? शेवटी ती दवाखान्यात होती तेव्हाही म्हटलं मी तिले, अब तो बता दे. ती म्हणे, बेटा, नव्हतंच. मी तोंड फिरवलं."

तो रडू लागला. पिक्चरमधल्यासारखं नाही, तोंडावर आडवा हात घेऊन, आवाज न करता. मीनल चहाचे कप घेऊन दारातच थांबली.

सत्यभामेला कळत होतं की आता काही विचारायचं उरलं नाही. पाळणा, अडीच वर्षं, डोंगरगड; हा लहानाच. तिला हेही कळत होतं की तो रडतो आहे ते तिच्यासाठी नाही. इतक्या वर्षांनी त्याला आई परत मिळाली होती, वेगळी बाई, सत्यभामेनं कधी न पाहिलेली. तिनं हात पुढे केला, त्याच्या खांद्याजवळ नेला आणि परत मांडीवर ठेवला. चहा घेतला. चहात आलं जास्त होतं.

एक म्हातारा शेतकरी आत आला, नीलकंठचे डोळे पाहिले, सत्यभामेकडे पाहिलं. "कोन आय हे, भैया?"

"रायपूर के मेहमान," नीलकंठ म्हणाला आणि उठून त्याला बियाणं द्यायला लागला.

म्हातारा गेल्यावर तो मान वर न करता म्हणाला, "ताई, एकदम तोंडातून सुटत नाही."

"राहू दे," सत्यभामा म्हणाली. "मलेही कुठं सुटते?"

दुपारच्या गाडीला तो स्टेशनवर पोचवायला आला. चालताना दोन पावलं पुढे होता, रस्ता दाखवणाऱ्यासारखा. त्यानं विचारलं, गुढियारीत पाणी येते का बराबर? ती म्हणाली, एक दिवसाआड. तिनं विचारलं, दुकान बरं चालते का? तो म्हणाला, हव, चालून राहिलं.

गाडी हलली तेव्हा तो खिडकीच्या दांडीला धरून चार पावलं चालला आणि म्हणाला, "रविवारी दुकान बंद असते."

एवढंच. मग त्यानं दांडी सोडली.

सत्यभामा ते वाक्य घेऊन बसली. एकदा वाटलं, बोलावलं. एकदा वाटलं, उगाच येऊन हेलपाटा पडू नये म्हणून सांगितलं. बाहेर धान कापून झालेली शेतं मागं पडत होती, बोडकी, एकामागून एक. केंद्री स्टेशन आलं, भाजीच्या टोपल्या घेऊन एक बाई चढली आणि समोर बसली. गाडी सुटेपर्यंत सत्यभामा थांबली. मग पुढे झुकून तिनं त्या बाईला विचारलं, ही गाडी रविवारीही असते का?